तागाचं टाकं

"हेच ते," असं म्हणून आत्या टाक्याच्या काठावर उकिडवी बसली आणि पाण्यावर तरंगणारा पाला हाताने बाजूला सारू लागली.

वारसा खात्याची बाई तिच्या मागे उभी होती. उतारावरच्या लोकांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव टोपीवाली ठेवलं होतं, कारण तिची रुंद काठाची टोपी घरात शिरली तरी डोक्यावरून उतरायची नाही. आता मात्र तिने ती काढून हातात धरली. टाक्याचे घडीव दगड, त्यांच्या सांध्यांत दाटलेलं शेवाळ, खालच्या कोपऱ्यातून बाहेर पडणारी पाण्याची बारीक धार, हे सगळं ती बराच वेळ बघत राहिली.

"किती सुंदर आहे हो, आत्या," ती म्हणाली. "म्हणजे या सगळ्या शेतांचं पाणी इथून निघतं?"

"मग? आणखी कुठून निघणार?"

मागे उतारावरची चार-पाच माणसं उभी होती. त्यातल्या एकीला एकाएकी खोकल्याची उबळ आली. एक म्हातारा पाठ फिरवून डोंगर बघायला लागला. बाकीचे मूग गिळून उभे राहिले. त्या टाक्यात कित्येक वर्षं ताग कुजवला जात होता. तागाच्या पेंढ्या पाण्यात बुडवायच्या, वर धोंडे ठेवायचे, साल सुटी झाली की सोलून दोर वळायचे, आणि त्या दिवसांत वारा कुठून येतोय ते बघून जेवायला बसायचं, असा त्या टाक्याचा लौकिक होता. पावसाळा नुकताच उलटला होता, डोंगराची प्रत्येक भेग पाझरत होती, म्हणून टाकंही वाहत होतं. आणखी काही आठवड्यांनी त्यात शेळ्या झोपल्या असत्या.

"आणि याच्या वर काय आहे?" टोपीवालीने विचारलं.

"वर? वर काही नाही. नुसतं रान आणि काटे."

टोपीवालीने मान हलवली. तिला ते पटलं.

आत्या अख्ख्या उताराची आत्या होती. नवरा गेल्यावर ती ऐन तरुणपणी माहेरी परत आली आणि वडिलांच्या हाताखाली दारं धरायला शिकली. डोंगरातून येणारं पाणी एका दगडी पाटाने पायरीपायरीच्या शेतांवरून खाली उतरायचं. कुणाच्या शेताचं दार कधी फोडायचं आणि कधी मातीने बुजवायचं, हे ठरवणारं माणूस एकच. आधी वडील, मग आत्या. पाळी सगळ्यात खालच्या शेतापासून सुरू व्हायची. आत्याच्या घरचं शेत सगळ्यात वर, पाटाला लागूनच, पण त्याचा नंबर शेवटचा. पाणी वाटणाऱ्याने आधी दुसऱ्याचं भिजवायचं, अशी रीत होती.

दुसरी रीत याहून कडक होती. पाट रानात शिरला की जमिनीखाली जायचा, आणि त्याचं मूळ तोंड कुठे आहे ते फक्त दारं धरणाऱ्याला माहीत असायचं. त्याने म्हातारपणी ते एकालाच दाखवायचं. वडिलांनी मुलाला सोडून मुलीला दाखवलं. "त्याच्या पोटात काही राहत नाही," एवढंच त्यांनी कारण दिलं. भावाचं उताराच्या पायथ्याशी किराणा दुकान होतं, आणि सकाळी त्याच्या कानावर गेलेली गोष्ट दुपारपर्यंत सगळ्यांच्या घरी पोचायची, तेव्हा वडील काही खोटं बोलत नव्हते. पण भावाला ते लागलं. तो कधी बोलून दाखवायचा नाही, आणि त्याच्यासारख्या बोलघेवड्या माणसाने एखादी गोष्ट बोलून न दाखवणं म्हणजे ती केवढी लागली असेल ते आत्याला कळायचं.

रीत एवढी कडक का, हे समोरच्या उताराकडे बघितलं की समजायचं. तिथेही अशीच शेतं होती. आत्या नुकती दारं धरायला लागली होती तेव्हा तिथे एक पाणीवाला साहेब आला. मोठा लाघवी माणूस. लोकांच्या चुलीपाशी बसला, पोरांना खांद्यावर घेतलं, म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांची विचारपूस केली. लोक भाळले आणि त्यांनी त्याला झऱ्याचं तोंड दाखवलं. पुढच्या उन्हाळ्यात तिथून एक लोखंडी पाइप निघाला तो थेट खालच्या शहरात गेला. आता त्या उतारावर वाळकं गवत होतं आणि ढासळलेले बांध होते. "तिथली माणसं शहरात आपल्याच पाण्याने दुसऱ्यांची भांडी घासतात," असं आत्या म्हणायची, आणि म्हणताना तिचा आवाज चिरकायचा.

त्यामुळे टोपीवाली आली तेव्हा आत्याच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकतच राहिली. टोपीवालीचं म्हणणं सरळ होतं. खालून रस्ता येतोय, तो शेतांच्या मधून जाणार आहे. ही शेतं आणि हे पाणी वारसा म्हणून नोंदवलं तर रस्ता बाजूला सरकवता येईल. पण त्यासाठी पाण्याचं मूळ तोंड दाखवावं लागेल, म्हणजे त्याच्या आजूबाजूला कुणाला खोदता येणार नाही.

आत्याने तिला डोळ्यांत तेल घालून पारखलं. टोपीवालीने बिनसाखरेचा चहा मुकाट्याने प्यायला, तेव्हा आत्याला वाटलं, एवढी कशाला मन राखतेय? ती चिखलात उतरून स्वतःच्या हाताने बांध मोजायला लागली, तेव्हा वाटलं, एवढं कुणी फुकट करत नाही. आत्याने मुद्दाम तिला एकटीला एक खोटीच गोष्ट सांगून पाहिली, की पाटाच्या वळणाखाली जुनं दागिन्यांचं मडकं पुरलंय. मग रोज जाऊन बघितलं. कुणीही तिथली माती उकरली नाही. याचा अर्थ बाई प्रामाणिक असावी, असा दुसऱ्या कुणी काढला असता. आत्याने काढला तो असा, की बाईचा डोळा दागिन्यांवर नाही, पाण्यावर आहे.

तरीही कदाचित ती विरघळली असती. दिवसभर पोरगी उन्हात राबायची, चेहरा करपला होता. पण एका संध्याकाळी उतार चढताना आत्या थांबली, आणि टोपीवालीने तिचा हात धरून विचारलं, "गुडघे दुखतात का हो, आत्या?"

झालं. दुसऱ्या दिवशी आत्या तिला तागाच्या टाक्याकडे घेऊन गेली.

आत्याचा हिशेब साधा होता. नोंद टाक्याची होऊ दे, रस्ता बाजूला जाऊ दे, आणि पाणी आपलं आपल्याजवळ राहू दे. उतारावर कुणाला काही समजवावं लागलं नाही. टोपीवाली भेटेल त्याला विचारायची आणि जो तो म्हणायचा, हो, तेच तोंड, आमचे आजोबाही तेच सांगायचे. ताकास तूर लागू दिली नाही कुणी. रस्त्यासाठी खाली शेतांत ठोकलेल्या खुंट्या उपटल्या गेल्या. टाक्याभोवती तारेचं कुंपण आलं, लोखंडी पाटी आली. टोपीवाली स्वतः पाटी लावायला आली होती आणि जाताना आत्याच्या गळ्यात पडली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आत्या तिच्या खांद्यावरून पाटीकडे बघत होती.

"आता या टाक्यापुढे हात जोडायचे की नाक धरायचं?" म्हातारा म्हणाला, आणि अख्खा उतार खदखदून हसला. हसला नाही तो फक्त भाऊ. रस्ता त्याच्या दुकानासमोरून जाणार होता.

मग एका सकाळी आत्या पाट साफ करायला रानाच्या तोंडाशी गेली आणि तिला झाडांमधून लाल चिंध्या दिसल्या. एका खुंटीला एक, अशा ओळीने वर चढत गेलेल्या. ती काटे अंगावर घेत त्यांच्या मागे गेली. मूळ तोंडावर एक आडवी शिळा होती, वर पानांचा थर, जवळून गेलं तरी कळू नये अशी. तिच्यापासून हातभर अंतरावर एक खुंटी ठोकलेली होती.  आत्या तिथेच बसली.

आपण केलेलं आपल्याला भोवलं, हे तिच्या मनातच आलं नाही. तिच्या मनात आलं, कुणीतरी सांगितलं. सांगणार कोण, हे शोधायला तिला फार लांब जावं लागलं नाही.

भाऊ तराजूत खिळे तोलत होता.

"कधीपासून माझ्या मागे मागे येतोस?" आत्याने दारातूनच विचारलं.

"कुणाच्या मागे?"

"सोंग करू नकोस. रानात खुंट्या ठोकल्यात. बरोबर त्याच जागी. तुला रस्ता पाहिजे होता ना? मिळाला. बापाचं पाणी विकून मिळाला."

गिऱ्हाईक खिळे तसेच ठेवून निघून गेलं. आतून वहिनी पदराला हात पुसत बाहेर आली. "वन्सं, काय बोलताय काय? रस्ता वर रानातून गेला तर आमच्या दुकानापुढून कोण जाणार? शेळ्या?"

 हे आत्याला सुचलंच नव्हतं.

"ताई," भाऊ म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मला माहीतच नाही तर मी सांगणार काय? बाबांनी मला दाखवलं नाही. तू दाखवलं नाहीस. मी आयुष्यात एकदाही तुझ्या मागे रानात आलो नाही. यायचं असतं तर अवघड होतं का?" त्याने तराजू खाली ठेवला. "खालचा रस्ता उठवला कुणी? टाकं दाखवलं कुणी? वर नुसतं रान आहे म्हणून सांगितलं कुणी? तिथून उठवला तर रस्ता जाणार कुठून, आभाळातून?"

आत्याने दाराची चौकट धरली. आता कुठे तिला सगळं लख्ख दिसलं. तिनेच बोट धरून रस्ता वर नेऊन दिला होता.

खालच्या शहरात ती आयुष्यात दोन-चार वेळाच गेली होती. वारसा खात्याच्या ऑफिसात तिने टोपीवालीला ओळखलंच नाही. टोपी नव्हती, केस पिकायला लागले होते, आपण समजत होतो तेवढी ही पोरगी नाही, असं आत्याला वाटलं. टोपीवाली मात्र लगबगीने उठली, तिला खुर्ची दिली, चहा मागवला. आत्याने कपाला हात लावला नाही.

"ते टाकं तागाचं आहे," ती म्हणाली.

"तागाचं म्हणजे?"

आत्याने सांगितलं. पेंढ्या, धोंडे, वास, सगळं. मग खरं तोंड कुठे आहे तेही सांगितलं. हे शब्द तिने आजवर कधी तोंडातून काढले नव्हते.

टोपीवालीने आपला कप खाली ठेवला. "म्हणजे तेव्हा तुम्ही खोटं बोललात."

"हो."

"आणि सगळेच बोलले. तो म्हातारा, त्या बायका."

"हो."

"आणि आता खरं बोलताय, हे मी कशावरून धरू?"

पलीकडच्या टेबलावर एक मोठे साहेब होते. त्यांनी मान वर केली. "बाई, टाक्याची नोंद रद्द झाली तर रस्ता परत खाली येतो. तिथे कुणाचं तरी दुकान आहे ना?"

"माझ्या भावाचं," आत्या म्हणाली.

"बरं," साहेब म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले.

टोपीवालीने आत्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता, ती फक्त चाचपत होती, हिला कुणी शिकवून पाठवलं असेल, हिचा यात काय फायदा. आत्याला ती नजर ओळखीची होती. इतके महिने तिने स्वतः टोपीवालीला त्याच नजरेने बघितलं होतं. तिला फार लाज वाटली.

"येऊन बघा," ती म्हणाली. "मी दाखवते. विश्वास ठेवू नका, नुसतं बघा."

परक्या बाईला तोंड दाखवायचं तर आधी घरच्याला दाखवलं पाहिजे, एवढं आत्याला परत येतानाच वाटलं होतं. घरी न जाता ती तशीच दुकानात गेली. "चल," ती भावाला म्हणाली. कुठे, हे त्याने विचारलं नाही. वहिनीला गल्ल्यावर बसवून तो निघाला.

रानात शिळेवरची पानं तिने झाडली. दोघांनी मिळून शिळा सरकवली. खाली खडकाची एक फट होती आणि त्यातून स्वच्छ, गार पाणी काही आवाज न करता वर येत होतं. भाऊ गुडघ्यांवर बसला आणि त्याने कोपरापर्यंत हात आत घातला.

"एवढंच?" तो म्हणाला.

"एवढंच."

"बाबा इथे येऊन बसायचे?"

"यायचे. तू शहरात नोकरीला जातो म्हणून भांडून गेला होतास ना, तेव्हा इथे बसून रडले होते. तू परत आलास तेव्हाही."

भाऊ हात बाहेर काढायला तयार नव्हता. "माझ्या पोटात राहिलं असतं, ताई," तो म्हणाला. "हे राहिलं असतं."

 वडील चुकले होते, आणि त्यांच्या मागे आत्याही तेच चुकत आली होती. तिने पदराने डोळे पुसले.

दोन दिवसांनी टोपीवाली आली. टोपी होती, पण चालताना ती आत्याच्या चार पावलं मागे राहिली, आणि वाटेत एकदाही तिने हात धरला नाही. शिळा सरकवल्यावर मात्र ती मटकन खाली बसली. पाणी बघून कुणालाही कळलं असतं. तिने ओंजळ भरून तोंडावर मारली आणि मग ती रडायलाच लागली.

"आधी का नाही दाखवलंत मला? अहो, मी याच्यासाठीच तर आले होते!"

"आधी तुम्ही कोण होता?" आत्या म्हणाली. तिला ते टोचायला म्हणायचं नव्हतं. तिने खरंच तसं विचारलं. मग म्हणाली, "मी चुकले, बाई. माणूस ओळखायला चुकले."

टोपीवाली धावली, यात शंका नाही. रस्त्याच्या साहेबांकडे गेली, त्यांच्या वरच्यांकडे गेली. रस्त्याचा साहेब काही वाईट माणूस नव्हता. तो स्वतः रानात येऊन पाणी बघून गेला, ओणवा होऊन प्यायलासुद्धा. पण तो म्हणाला, "मॅडम, वर काही नाही असं तुम्हीच लिहून दिलंत, म्हणून आम्ही वर गेलो. आता तुम्हीच खाली जा म्हणता. लोक मला विचारतील, आणि तुम्हालाही विचारतील, या दुकानदाराने तुम्हाला काय दिलं म्हणून." तसंच झालं. तिच्याच ऑफिसने तिला ते विचारलं, आणि त्या कामावरून तिची उचलबांगडी झाली. जाताना ती उतारावर आली नाही. आत्या वाट बघत होती.

रस्ता वरून गेला. पाण्यासाठी रस्त्याखालून एक पाइप टाकला, चांगला जाडजूड, त्यात कुणी लबाडी केली नाही. पण सुरुंगांनी खडक हलला होता. पाइपातून निम्मं पाणीसुद्धा येईना. उरलेलं रस्त्याच्या पलीकडच्या कडेला कुठेतरी झिरपून ओढ्याला जायचं. भावाचं दुकान बसलं. वारसा खात्याने टाक्यापाशी राखणदार नेमायचं ठरवलं तेव्हा ती नोकरी त्याला मिळाली. नव्या रस्त्याने गाड्या करून लोक बघायला यायचे आणि तो त्यांना टाक्याच्या अशा काही कथा सांगायचा की ऐकत राहावं. तागाचं मात्र त्याने कधी कुणाला सांगितलं नाही.

उन्हाळा आला तसे लोक एकमेकांकडे वाकड्या नजरेने बघायला लागले. कुणी पहाटे उठून दुसऱ्याचं दार बुजवतंय, कुणी वरच्या अंगाला दगड सरकवतंय, अशी कुजबुज सुरू झाली. आजवर असं झालं नव्हतं. म्हातारा सगळ्यांदेखत आत्याला म्हणाला, "पाट तुझ्या शेताच्या कडेने येतो. रात्री तू काय करतेस ते कुणी बघितलंय?" टाकं दाखवलं तेव्हा डोंगराकडे तोंड करून हसू दाबणारा तोच हा म्हातारा.  आत्याला राग आला नाही, फक्त फार थकल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळे आपापल्या शेतात असताना, ती फावडं घेऊन आपल्या शेताच्या दाराशी गेली. नेहमीसारखं एका पाळीपुरतं मातीने बुजवायचं नव्हतं, कायमचं बुजवायचं होतं. तिने आधी मोठे दगड रचले, त्यांच्या फटींत चिपा ठोकल्या, मग वर चिखल दाबायला लागली. आत उभं असलेलं पीक हातभर वाढलेलं होतं आणि दाणे धरायला त्याला आणखी दोन पाण्यांची गरज होती. खालच्या पायऱ्यांवर एकेक माणूस काम थांबवून वर बघायला लागलं. कुणी हाक मारली नाही.

भाऊ टाक्याकडून, राखणदाराचा खाकी सदरा अंगावर तसाच, चढून वर आला. त्याने पिकाकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं. ते शेत त्याचंही होतं.

आत्याने फावडं थांबवलं. "तुला विचारायला पाहिजे होतं," ती म्हणाली.

"डावीकडून झिरपतंय," भाऊ म्हणाला. त्याने सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, पाटात उतरला आणि दोन्ही हातांनी चिखल उचलून तो तिथे थापायला लागला.